इगर्जीतली भक्ती: वेदीचं कापड, धुपाटणं, लादाईन आणि करेज्म

तिसवाडी

करेज्म (ईस्टरआधीचा उपवासकाळ) आला की गोव्यातल्या कुठल्याही फिर्गजेत (एका इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, हद्दीत) एक वाद ठरलेला: पूर्वी मिसाला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) भक्ती असायची, आता नाही. मग कोणी गिटारवर घसरतं, कोणी मोबाइलवर, कोणी थेट लॅटिनवर. वाद घालायला हरकत नाही, पण तो हवेत नको. आदर दिसतो तो कामात, आणि काम तपासता येतं. ज्याला जे काम नेमकं माहीत आहे त्याने ते इथे लिहावं. 'आमच्या वेळी'ला या धाग्यावर बंदी.

कापडापासून सुरुवात करतो, कारण तिथे कोणाचं लक्ष नसतं.

वेदीवर चषक आणि तबक ज्या चौकोनी कापडावर ठेवतात ते कॉर्पोराल. पांढरं लिनन, साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर. त्याचं काम एकच: ख्रिस्तप्रसादाचा (मिसात पवित्र केलेल्या भाकरीचा) कण पडलाच तर तो तिथेच राहावा. म्हणून घडी आतल्या बाजूला घालायची. आपल्याकडची कड आधी वर, पलीकडची तिच्यावर, मग उजवी, शेवटी डावी. नऊ चौकोन पडतात. उघडताना बरोबर उलट: डावी, उजवी, पलीकडची, आणि आपल्याकडची सगळ्यांत शेवटी. झटकून कधीच उघडायचं नाही. मीस संपल्यावर कॉर्पोराल गोळा करून काखेत मारणारा दिसला की त्या पोराला दोष देऊ नका, त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

क्रूसाचं भरतकाम मधोमध नको, पुढच्या कडेजवळ हवं. मध्ये असलं की चषक डुगडुगतो आणि कण टाक्यांत अडकतात. भेट म्हणून आलेली निम्मी कॉर्पोरालं इथेच बाद होतात. देणाऱ्याला कोण सांगणार!

चषक पुसायचं प्युरिफिकेटर वेगळं. लांबट, तीन पदरी उभी घडी. त्याला खळ नको, ते शोषणारं हवं. कॉर्पोरालला मात्र खळ हवी, कारण कडक कापडात कण रुतत नाही. दोन्ही एकाच पेजेच्या पातेल्यात बुडवणं ही आपल्याकडची सर्रास चूक. मग चषकात पाण्याचे थेंब तसेच राहतात आणि आतला मुलामा काळवंडतो.

अबोली

तिसवाडी बाब, धुण्याचं मी पुरं करते.

पहिलं पाणी हाताने, साबणाशिवाय. स्वच्छ भांड्यात कापड बुडवायचं, हलकेच खळबळायचं. ते पाणी मोरीत ओतायचं नाही. सांक्रिस्तीत (वेदीचं सामान ठेवायच्या खोलीत) थेट मातीत निचरा होणारं कुंड असेल तर त्यात, नसेल तर जिथे कोणाचे पाय पडणार नाहीत अशा झाडाच्या बुंध्याशी. जुन्या शिस्तीत हे तीनदा करत. त्यानंतर साबण लावा, काही अडत नाही.

डागांचं:

वाइनचा ताजा डाग थंड पाण्याने. गरम पाण्याने तो कायमचा बसतो. ब्लीच लिननला घालायचंच नाही, धागा कमजोर होतो आणि कापड पिवळं पडतं.

लिपस्टिक तेलकट असते. आधी पाणी लावलं की पसरते. कोरड्या डागावर भांड्यांचा पातळ साबण चोळून दहा मिनिटं ठेवा, मग पाणी.

मेण आधी चमच्याच्या पाठीने खरवडा. मग वर-खाली टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद बदलत राहा. इस्त्री कडक असली की मेण उलट आत मुरतं.

लिलीचे पराग ओल्या फडक्याने पुसू नका. सेलोटेप लावून उचला. खरं तर फुलं सजवतानाच पुंकेसर कात्रीने काढून टाकले तर ही भानगडच उरत नाही.

गंज येतो लोखंडी तारेवर वाळवल्याने. लिंबू, मीठ आणि ऊन. नायलॉनची दोरी घ्या, विषय संपला.

पावसाळ्यात खरी कसोटी. जून ते सप्टेंबर अर्धवट वाळलेलं कापड कपाटात गेलं की पंधरा दिवसांत काळे बारीक ठिपके पडतात, ते निघत नाहीत. ओलसर प्युरिफिकेटर टोपलीत कोंबून शनिवारपर्यंत ठेवणं हे त्यामागचं नेहमीचं कारण. त्याच दिवशी पहिलं पाणी काढून पसरून ठेवा, धुणं नंतर झालं तरी चालेल. जरीची व्हेस्तिमेंतं (फादरची उपासनेची वस्त्रं) प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत घाम धरून जर काळी पडते. जुनं धुतलेलं मलमल गुंडाळा. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नका.

केपेंकार

कापडाचं ठीक आहे हो. पण ज्यासाठी हे कापड, तो ख्रिस्तप्रसाद लोक हातात घेऊन चालत चालत तोंडात टाकतात, त्याचं काय? कॉर्पोरालवरच्या कणाची एवढी काळजी, आणि तळहातावरचा कण विजारीला पुसला जातो. गुडघे टेकूनच, जिभेवरच. बाकी सगळी मलमपट्टी.

दिवाडकर

केपेंकार बाब, तुमचा मुद्दा खरा, पण 'च' काढा. २००४ साली रोमने काढलेल्या सूचनेत दोन्ही बाजू स्पष्ट आहेत: जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येकाला कायम आहे, आणि जिथे परवानगी आहे तिथे हातावरही देता येतो. गुडघे टेकले म्हणून कोणालाही नाकारता येत नाही, उभा राहिला म्हणूनही नाही. आणि त्याच सूचनेत एक अट आहे जी कोणी वाचून दाखवत नाही: अवमान होण्याचा धोका असेल तर हातावर देऊ नये. फेस्ताच्या (इगर्जीच्या सणाच्या) गर्दीत ही अट शब्दशः पाळायला हवी.

हातावर घेणाऱ्यांना शिकवायचं ते असं. डावा तळहात वर, उजवा त्याच्याखाली (डावखुऱ्यांनी उलट). आपल्या आधीचा माणूस घेत असताना मस्तक लववायचं, आपली पाळी आल्यावर नाही, नाहीतर रांग अडते आणि देणाऱ्याचा हात हवेत राहतो. 'आमेन' ऐकू येईल असं म्हणायचं. एक पाऊल बाजूला, वेदीकडे तोंड, तिथेच तोंडात घालायचं. मग तळहात बघायचा. कण दिसला तर तोही. चिमटीने देणाऱ्याच्या हातातून उचलायचं नाही, आणि स्वतः चषकात बुडवून घेणं तर मनाच आहे.

हनुवटीखाली धरायचं तबकही त्याच सूचनेत आहे. ते धरणारा पोरगा उंचीने बेताचा घ्या. फार उंच असला की तबक गळ्याशी टेकवतो, फार बुटका असला की तिरकं धरतो आणि कण घरंगळतो.

ओस्ती (ख्रिस्तप्रसादाची चकती) पडली तर आरडाओरडा नको. आदराने उचलायची, बहुधा फादर स्वतःच घेतात किंवा पाण्यात विरघळू देतात. चषकातलं सांडलं तर ती जागा पाण्याने धुवायची आणि ते पाणी अबोली बाय म्हणाल्या त्या कुंडात.

केपेंकार

अट वाचून दाखवायला हवी हे मान्य. पण उभं राहणं ही सोय आहे, गुडघे ही भक्ती आहे, या मतावर मी ठाम.

वसईचा वारा

मध्ये बोलतो. भारतीय बिशपांनी १९६९ साली बारा मुद्द्यांची मुभा मिळवली, त्यात गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून लवणं आहे, आरतीही आहे. गोव्यात मात्र उजवा गुडघा जमिनीला हीच रीत टिकली. मग ती तरी नीट करा. साक्रारात (ख्रिस्तप्रसाद ठेवायच्या पेटीत) ख्रिस्तप्रसाद असेल तर उजवा गुडघा जमिनीला टेकायला हवा. बाकाच्या टोकाला धरून अर्धवट झुकून उचकी आल्यासारखं जे होतं ते ना गुडघा ना नमस्कार. पाठ ताठ, आधी गुडघा, त्यासोबत डोकं घाईने खाली नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सरळ हात जोडून लवावं, त्यात कमीपणा काही नाही.

आणि साक्रार कुठे आहे ते आधी बघा. जुन्या इगर्जीत ते बाजूच्या आल्तारवर (वेदीवर) असू शकतं. लोक सवयीने मधल्या रेताब्लाला (वेदीमागच्या कोरीव मखराला) गुडघा टेकतात आणि साक्रारसमोरून सरळ निघून जातात.

तिसवाडी

साक्रारची चावी हाही आदराचाच भाग. कायदा सांगतो की साक्रार पक्कं, न हलणारं, कुलूपबंद हवं आणि चावी जपून ठेवावी. वेदीच्या कापडाखाली, फुलदाणीत किंवा मागच्या खिळ्याला हे 'जपून' नव्हे. गावातल्या प्रत्येकाला ती जागा माहीत असते.

ओस्ती किती ठेवायच्या, यावर कोणी लिहील का? अंदाज चुकला की दोन्हीकडून पंचाईत.

सुंठ

अंदाज बाकांवरून. समजा दोन्ही बाजूंना १४-१४ बाक आणि बाकावर सहा जण, म्हणजे १६८. मागे नि दारात ३० उभे, एकूण दोनशेच्या आत. त्यांतले साधारण ऐंशी टक्के कुमगार (ख्रिस्तप्रसाद) घेत असतील तर १६०. हे टक्के प्रत्येक फिर्गजेचे वेगळे, आणि पहाटेच्या नि दहाच्या मिसाचेही वेगळे, म्हणून महिनाभर उरलेल्या ओस्ती मोजून वहीत लिहा. साक्रारातला साठा आजाऱ्यांसाठी आणि आराधनेसाठी. लोकांना शक्यतो त्याच मिसातल्या द्याव्यात.

जास्त ठेवल्या तर काय बिघडतं? पावसाळ्यात ओस्ती दमट होते, वाकते, मोडल्यावर कट्ट आवाज येत नाही. साठा वरचेवर बदलायचा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला बदललेला बरा. न वापरलेल्या कोऱ्या ओस्ती हवाबंद डब्यात, सिलिकाची पुडी वेगळ्या झाकणात, ओस्तींना न टेकता.

पीठ फक्त गव्हाचं आणि पाणी. तांदळाचं, नाचणीचं, कितीही देशी वाटलं तरी चालत नाही. मीसच अवैध ठरते. वाइन शुद्ध द्राक्षांची, आंबट होऊन बिघडलेली नसावी. अर्धी बाटली महिनाभर उघडी राहिली की ती शिरक्याच्या वाटेला लागते. लहान बाटल्या आणा.

गुरुवार-शुक्रवारचा हिशेब निराळा. पुण्य गुरुवारच्या (ईस्टरआधीच्या गुरुवारच्या) संध्याकाळच्या मिसाआधी साक्रार पूर्ण रिकामं हवं. त्या एका मिसात गुरुवारचे आणि शुक्रवारचे असे दोन्ही दिवसांचे लोक धरून ओस्ती ठेवायच्या, कारण शुक्रवारी मीस नसते. शुक्रवारी कमी पडल्या तर मोडून वाटण्यावाचून उपाय नाही, आणि शुक्रवारी गर्दी गुरुवारपेक्षा जास्त असते.

बार्देसचा मेस्त

धुपाटण्यावर कोणी आलेलं नाही, मी येतो. अर्धी पोरं ते हलवायला मिळावं म्हणूनच वेदीसेवक होतात.

तळाला बोटभर राख किंवा वाळू. नसेल तर बूड तापून साखळीच्या कड्या सुटतात आणि गालिचा जळतो. करवंटीचा कोळसा आपल्याकडे उत्तम, निखारा बराच वेळ धरतो, पण पेटायला वेळ घेतो: मिरवणुकीच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. विकतच्या चकत्या काडी लावताच तडतडतात, त्या दहा मिनिटं आधी. कडेला राखाडी रंग चढला की तयार. काळ्या कोळशावर धूप टाकला तर नुसता डोळे चुरचुरणारा धूर येतो, आणि मग लोक म्हणतात की धुपाने खोकला होतो. धूप एका वेळी अर्धा चमचा. भसाभस ओतला की निखारा गुदमरतो आणि ऐन उत्थापनाच्या वेळी (फादर ओस्ती उंच धरतात तेव्हा) धुपाटणं गार.

हलवायचं कसं: डाव्या हातात साखळीचं वरचं टोक छातीशी, उजव्या हातात साखळ्या वाटीच्या जवळ. मोजमाप ठरलेलं आहे. ख्रिस्तप्रसाद, क्रूस, शुभवर्तमानाचं पुस्तक, पास्काची (ईस्टरची) मेणबत्ती, अर्पणं, याजक, लोक: तीनदा. संतांचे अवशेष आणि मूर्ती: दोनदा, तेही फक्त सुरुवातीला वेदीला धूप दाखवून झाल्यावर. वेदीला एकेक झोका देत प्रदक्षिणा. ज्याला धूप दाखवायचा त्याला आधी नि नंतर खोल लवायचं. वेदी आणि अर्पणांना नाही. गोल फिरवून कसरत दाखवणं हा सर्कशीचा प्रकार.

अबोली

मेस्त, लादाईनवर (मरियेच्या नावांची माळ गाण्याच्या प्रार्थनेवर) लिहा ना. तुमचा खरा प्रांत तो.

बार्देसचा मेस्त

लिहितो, पण आधी एक तक्रार. लादाईन म्हणजे चणे आणि घोट मिळण्याआधीचा अडथळा, असा काही वाड्यांवर समज झालाय. खुरसाकडे (वाड्यावरच्या क्रूसाकडे) सातला आमोरीची (संध्याकाळच्या प्रार्थनेची) घंट झाल्यावर सुरू करायची ती पावणेआठला लोक जमल्यावर सुरू होते, मग वीस मिनिटांत गुंडाळतात.

क्रम साधा आहे: किरिए, मग मायच्या (मरियेच्या) नावांची माळ, तीनदा आग्नुस देय, सुब तुऊम, मग त्या खुरसाचं किंवा संताचं कोकणी गायन. लॅटिन दोन आवाजांत, व्हायोलिनच्या आधाराने. काय बिघडतं ते सांगतो.

पहिलं, पट्टी. किरिए खालच्या पट्टीत आरामात वाटतं म्हणून गाणारा उंच धरतो, आणि माळेत वरचा आवाज फाटतो. माळेतला सगळ्यांत उंच सूर आधी मनात म्हणून बघायचा आणि त्यावरून किरिएची पट्टी ठरवायची. मे महिन्याच्या दमट हवेत व्हायोलिनची तार सुरातून हलते, तेव्हा किरिए संपताना एकदा कान देऊन तपासा.

दुसरं, 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी विनंती कर). लोकांचा प्रतिसाद संपण्याआधी गाणारा पुढचं नाव घेतो. घाईचं मूळ हेच. लोकांच्या 'बिस'नंतर एक श्वास.

तिसरं, नवी नावं. जुन्या वह्यांत ती नाहीत. 'मातेर एक्लेसिए' १९८० ची, 'रेजिना फामिलिए' १९९५ ची, आणि २०२० च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी तीन घातली: 'मातेर मिसेरिकोर्दिए' ही 'मातेर एक्लेसिए'नंतर, 'मातेर स्पेई' ही 'मातेर दिविने ग्रासिए'नंतर, आणि 'सोलासियुम मिग्रांतियुम' ही 'रेफुजियुम पेकातोरुम'नंतर. ज्या चालींत नावं तीन-तीनच्या गटात बांधलेली असतात तिथे गट मोडतो. शेवटी तिन्ही चिकटवून देणं हा आळस आहे. त्या जागेपासून गट पुन्हा पाडा आणि एखादं नाव सुटं राहिलं तर ते सरळ एका सुरात म्हणा. परदेशी राबणारी माणसं ज्या गोव्यात घरटी एक आहेत तिथे हा शेवटचा, 'स्थलांतरितांचा दिलासा', गाळायचा म्हणजे हद्द झाली.

इगर्जीतल्या संगीताचंही थोडं. करेज्मात ऑर्गन किंवा कीबोर्ड फक्त गाणाऱ्यांना आधार म्हणून. नुसती वाद्यं वाजवायची नाहीत. अपवाद चौथा रविवार आणि मोठे सण. ग्लोरिया (स्तुतिगान) आगमनकाळात (नाताळाआधीच्या आठवड्यांत) आणि करेज्मात रविवारी नाही, आलेलुया करेज्मात अजिबात नाही. कीबोर्डातला तयार ताल मात्र बाराही महिने बंद ठेवा. लोक श्वास घ्यायला थांबतात, यंत्र थांबत नाही.

डिचोलीकर

तुमच्या गोष्टी वाचतोय. आम्हा हिंदूंना शेजाऱ्याच्या लग्नाला किंवा मयताला इगर्जीत बसावं लागतं. चप्पल काढायची का? उठबस केव्हा? सगळे रांगेत निघाले की आपण काय करायचं?

दिवाडकर

चप्पल-बूट काढायचे नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची. बायकांना डोकं झाकायची सक्ती आता नाही, ओल (डोक्यावरून घ्यायचं वस्त्र) पांघरून मिसाला जायचे दिवस गेले.

चारपाच बाक सोडून मागे बसा, म्हणजे पुढच्यांचं बघून उठता-बसता येतं. सगळे उठले की उठा, बसले की बसा. गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही शांत बसून राहिलात तरी चालतं, मात्र पाय पुढच्या गुडघे टेकायच्या फळीवर ठेवू नका. रांग निघाली की बाकावरच थांबा. बाजूच्यांना जायला पाय आडवे करा. प्रसाद म्हणून हात पुढे करू नका, तो फक्त कुमगार घेणाऱ्या कॅथलिकांसाठी असतो, आणि कोणाला अडवायची वेळ फादरवर आणू नये. छोटी घंटा वाजते तेव्हा बोलणं, फोटो, सगळं बंद. मयताच्या मिसाला फुलं नेलीत तर आत घेऊन बसू नका, घरच्यांच्या हातात द्या.

म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या (मरियेच्या) फेस्ताला मेणबत्ती किंवा तेल घेऊन जाणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण मानतात, तिथली ये-जा जुनी.

सुंठ

कॉन्फ्रारियाचं (इगर्जीतल्या भक्तमंडळाचं) राहिलं. ओपा-मुर्सा (मंडळाचा झगा आणि खांद्यांवरचं आवरण) घालून मिरवणुकीत चालणं म्हणजे मान, हे सगळ्यांना कळतं. तो का, ते कमी जणांना. पालीखाली (दांड्यांवर धरलेल्या कापडी छताखाली) ख्रिस्तप्रसाद असतो, पालीचे दांडे धरणारे एका उंचीचे निवडायचे, नाहीतर छत कलतं आणि धुपाटण्याची साखळी झालरीत अडकते. मेणबत्ती बाहेरच्या हातात, आतल्या नाही. मेण पुढच्याच्या मुर्सावर पडतं ते यामुळेच. कोर्पुस क्रिस्तीचा (ख्रिस्तशरीराचा) सण मे अखेर ते जून अखेरीत येतो, म्हणजे बहुधा पावसात. पाली भिजली की जर गेली. पर्यायी मार्ग आधीच ठरवा: इगर्जीच्या आतून किंवा व्हरांड्यातून.

कुस्तोदात (ख्रिस्तप्रसाद दर्शनाला ठेवायच्या पात्रात) ख्रिस्तप्रसाद मांडताना चार किंवा सहा मेणबत्त्या आणि धूप. फक्त आशीर्वाद द्यायचा म्हणून पाच मिनिटं मांडून परत ठेवणं मना आहे. वाचन, गायन, शांतता यांना वेळ हवा.

केपेंकार

आणि फेस्ताचा मान ठरावीक घरांनाच, बाकीच्यांनी बाहेरून बघायचं, हेही लिहा. मुर्साच्या रंगावर भांडणारे साक्रारसमोर मिनिटभर बसत नाहीत.

सुंठ

लिहिलं असं धरा. पुष्कळ फिर्गजांत कॉन्फ्रारिया सगळ्यांना खुल्या झाल्या, काही ठिकाणी गांवकारीचा (मूळ गावकरी घराण्यांच्या हक्काचा) हट्ट अजून सुटत नाही. धूप सगळ्या लोकांना एकत्र दाखवतात, घराण्यागणिक नाही.

वसईचा वारा

पुण्य आठवड्याची कामं पटापट.

करेज्माच्या पाचव्या रविवारपासून झाकायचं जांभळं कापड: क्रूस शुक्रवारचा विधी संपेपर्यंत, मूर्ती पास्काच्या जागरणाला सुरुवात होईपर्यंत. क्रूसाच्या वाटेची चित्रं झाकत नाहीत. झाकणं ही परवानगी असलेली रीत, सक्ती नाही. म्हणून गोवा वेल्हाला पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते त्यात विसंगती काही नाही.

गुरुवारी ग्लोरियाला सगळ्या घंटा वाजतात, मग थेट जागरणाच्या ग्लोरियापर्यंत गप्प. मधल्या काळात मात्राक (घंटेऐवजी वाजवायची लाकडी टकटकी). वर्षभर पडून असल्याने बिजागरी गंजलेली किंवा लाकूड वाळवीने खाल्लेलं असतं, बुधवारी तपासा. घंटेची दोरी वर बांधून टाका, एखादं पोर आमोरीला सवयीने ओढतंच.

शुक्रवारी पूजेला क्रूस एकच ठेवायचा. गर्दी फार असली तर चार क्रूस चार रांगांना देण्यापेक्षा फादरनी तोच उंच धरावा आणि सगळ्यांनी जागेवरूनच शांतपणे वंदन करावं. क्रूसावरच्या ज्या ख्रिस्तमूर्तीचे हात खांद्यात हलतात आणि जी खाली उतरवून ठेवतात, तिच्या सांध्यांची चामडी पट्टी करेज्माच्या सुरुवातीलाच बघा. पट्टी तुटून हात लोंबकळला की सगळ्या इगर्जीचं लक्ष तिकडे.

अबोली

फेस्ताच्या सफाईत रेताब्लावर ओलं फडकं फिरवू नका! सोन्याचा वर्ख सरस आणि खडूच्या थरावर असतो, पाण्याने तो सुटतो. ब्रास्सो (पितळ घासायचं पॉलिश) तर विषच. मऊ कोरडा कुंचला, वरून खाली, बस्स. वर्खावर दिव्यांच्या माळा खिळ्यांनी ठोकू नका. फुलं वेदीच्या भोवती, वेदीवर नाहीत. करेज्मात चौथा रविवार आणि मोठे सण सोडले तर फुलंच नाहीत. आणि प्लास्टिकची फुलं? धूळ धरतात नि वर्षभर कोणी बदलत नाही, एवढंच म्हणते.

तिसवाडी

साक्रारसमोरच्या दिव्याबद्दल विचारून घेतो. नियम तेल किंवा मेणाच्या दिव्याचा आहे. खोबरेल घालतो तिथे दिवा तडतडतो, काच काळी होते, शिवाय मुंग्या. म्हणून कंटाळून बल्ब लावतात.

बार्देसचा मेस्त

तडतड पाण्याची. काच तडकू नये म्हणून तळाला पाणी घालतात, तेल संपत आलं की वात पाण्याला लागते. सकाळ-संध्याकाळ तेल भरायची वेळ ठरवा, ठरावीक माणसावर सोपवा, म्हणजे पाण्याची गरजच नाही. काजळी लांब वातीची: तरंगणाऱ्या चकतीवर तीन-चार मिलिमीटरच ठेवा, जळकं टोक रोज खुडा. तेल गाळून घ्या. घाण्याच्या ताज्या तेलात चोथा असतो, तो वातीवर बसतो.

मुंग्यांना दिवा बशीत ठेवून बशीत पाणी. टांगलेला असेल तर साखळीच्या वरच्या कडीत पाण्याची छोटी वाटी अडकवावी लागते, कुठलाही पत्र्याचं काम करणारा करून देईल. पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर डास.